मागची गाडी रिकामी आहे

प्रोसेसर आत्ता बदलावा की अजून थोडं थांबावं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याचा संगणक सहसा व्यवस्थित चाललेला असतो. विधान जरा धाडसी आहे, पण पुरावा हवा असेल तर कुठल्याही संगणकाच्या दुकानात अर्धा तास उभं राहावं. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड सोयीचा. (कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणाऱ्याला लोक दवाखाना दाखवण्याचीच शक्यता जास्त.) तिथे दोन तऱ्हांची गिऱ्हाइकं येतात. पहिलं लग्नाचे व्हिडिओ करणारं. तुळशीचं लग्न लागलं की याच्या घरात नवरा-नवरींचा खच पडतो. रात्री एक्स्पोर्टला लावलेला व्हिडिओ सकाळी उठून बघावा तर सप्तपदीत तिसऱ्या पावलावर अडकलेला, आणि फोनवर मुलीचे वडील. हा माणूस दुकानात शिरतो तो पाकीट हातात घेऊनच. 'चाळीस हजारांत जे बसेल ते बसवा, चारला न्यायला येतो,' एवढंच बोलतो आणि चहा प्यायला जातो. कितवी पिढी, किती कोअर, याची चौकशी नाही. दुसरं गिऱ्हाईक मात्र फोनमध्ये अकरा प्रोसेसरांचा तुलनात्मक तक्ता घेऊन येतं. घरच्या संगणकावर त्याचा व्याप म्हणजे ईमेल, यूट्यूब आणि वर्षातून एकदा आयकराचं रिटर्न. पण कुठल्या प्रोसेसरला किती मेगाबाइट कॅश आहे हे त्याला पोराच्या इयत्तेपेक्षा पक्कं पाठ असतं.

'नवीन सिरीज कधी येतेय?' तो विचारतो.

'येईल दोन-तीन महिन्यांत.'

'मग याचा रेट उतरेल?'

'उतरेल थोडा.'

'मग तेव्हाच बघू.' तीन महिन्यांनी तो पुन्हा हजर. 'आली ना सिरीज? रेट काय?'

'आली की. पण सुरुवातीला चढाच असतो हो रेट.'

'मग उतरल्यावर घेऊ.'

'साहेब, उतरेपर्यंत पुढची जाहीर होते.'

हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडत नाही, उलट खुलतो. कारण आता त्याच्याकडे थांबायला नवं कारण आलेलं असतं.

या संवादात कोणीच खोटं बोलत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. पुढच्या वर्षीचा प्रोसेसर या वर्षीच्यापेक्षा चांगला असणार, हे आज खरं आहे, गेल्या वर्षी खरं होतं आणि पुढच्या वर्षीही खरं असेल. जे कारण रोज लागू पडतं ते अमुक एका दिवशी काय करावं हे सांगूच शकत नाही. भरलेल्या एसटीच्या दारात उभा राहून कंडक्टर ओरडतो, 'मागची गाडी रिकामी आहे!' तेही बहुधा खरंच असतं. पण त्याच्यावर कायमचा विश्वास ठेवणारा प्रवासी स्टँडवरच म्हातारा होतो. फरक एवढाच की एसटीचा प्रवासी निदान वैतागतो. आपला दुसरा गिऱ्हाईकदादा मागच्या गाडीचं वेळापत्रक, आसनसंख्या आणि इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ करून त्याच स्टँडवर मजेत बसलेला असतो.

कंडक्टरनेच फार मनापासून ओरडलं तर काय होतं याचाही दाखला आहे. अॅडम ऑसबोर्न या गृहस्थाने १९८१ साली हातात धरून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर, आणि तरीही तो धडाक्याने खपला. मग १९८३ मध्ये साहेबांनी पुढच्या, याहून सरस मॉडेलची वाच्यता केली. लोक म्हणाले, वा! मग तोच घेऊ. आणि हातातल्या मॉडेलची विक्री बसली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बुडण्याला इतरही कारणं होती असं काही जाणकार म्हणतात, पण व्यापारशास्त्रात 'ऑसबोर्न परिणाम' हे नाव राहिलं ते राहिलंच. या ऑसबोर्नचं बालपण तामिळनाडूत गेलं होतं आणि वडील आर्थर ऑसबोर्न रमण महर्षींचे भक्त होते, हा तपशील इथे अस्थानी वाटेल. पण ज्या घरात 'मी कोण' या प्रश्नावर इतकं चिंतन झालं, तिथल्या मुलाच्या गिऱ्हाइकांना 'मी कधी घेऊ' या प्रश्नाने गाठावं, हे सोडवत नाही. त्यानंतरच्या कंपन्या शहाण्या झाल्या. आता त्या पुढच्या मालाबद्दल अधिकृतपणे मौन पाळतात आणि बातमी मात्र सहा महिने आधी 'फुटते'.

आता आक्षेप येतो की थांबण्यात शहाणपण आहे, हे गणितानेही सिद्ध झालेलं आहे. खरं आहे. १९९९ साली अॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी अर्धा गंभीर, अर्धा खट्याळ असा एक निबंध लिहिला. मोठ्या आकडेमोडीसाठी आज संगणक घेऊन कामाला जुंपण्यापेक्षा काही महिने चक्क आळस करावा, मग वेगवान संगणक घ्यावा, तरी काम आधी संपतं, असं त्याचं सार. हिशेब साधा आहे. संगणकाचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर आजच्या यंत्रावर २६ महिन्यांहून जास्त चालणारं काम असेल तरच थांबणं फायद्याचं. (दुपटीचा हा अठरा महिन्यांचा आकडा लोक गॉर्डन मूरच्या नावावर खपवतात. मूरने १९६५ मध्ये एक वर्ष म्हटलं होतं आणि १९७५ मध्ये दोन वर्षं, तेही वेगाबद्दल नव्हे, चिपवरच्या घटकांच्या संख्येबद्दल.) आपल्या गिऱ्हाइकाला या निबंधातला 'थांबा' तेवढा ऐकू येतो, '२६ महिने' ऐकू येत नाही. सव्वादोन वर्षं अखंड चालेल असं त्याच्या घरात फ्रीजखेरीज काय आहे? शिवाय त्या शास्त्रज्ञांच्या आळसाला शेवट होता. थांबून झालं की त्यांना तारे मोजायला बसायचं होतं. याला थांबून झाल्यावर यूट्यूबच बघायचंय, आणि ते तो थांबला असतानाही बघतोच आहे.

त्याच गणिताचा पुढचा भाग तर थांबणाऱ्यांच्या मुळावरच येतो. वेग दुप्पट व्हायला अठरा महिन्यांऐवजी तीन वर्षं लागू लागली, तर २६ महिन्यांची ती मर्यादा ५२ महिन्यांवर जाते. म्हणजे प्रगती जितकी मंद, तितकं थांबणं जास्त निरर्थक. आणि प्रगती मंदावली आहे यात शंका नाही. १९९३ चा पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झवर धावायचा. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोघांनी दोन दिवसांच्या अंतराने १,००० मेगाहर्ट्झ गाठले. सात वर्षांत पंधरा पट! थांबण्याचा सुवर्णकाळ असेल तर तो हाच. पण त्या काळात कोणाला थांबायला सवड होती? मुलगा दहावीत गेला, सोसायटीतून कर्ज काढलं, संगणक आला, त्याला हळद-कुंकू लागलं, वर टर्किश टॉवेलचं आच्छादन पडलं. आजचं चित्र बघा. २००२ च्या अखेरीस पेंटियम ४ ने तीन गिगाहर्ट्झ ओलांडले आणि २०२३ च्या अखेरीस इंटेलचा चौदाव्या पिढीतला म्होरक्या सहा गिगाहर्ट्झवर पोचला. एकवीस वर्षांत जेमतेम दुप्पट. मधल्या काळात चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमची वाट बघणारेही होते. ती योजना २००४ मध्ये रद्द झाली आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट एका परिषदेत व्यासपीठावर अक्षरशः गुडघे टेकून माफी मागून मोकळे झाले. एका ठोक्यात होणारं काम वाढलं, एकाच्या जागी चोवीस कोअर आले, हे सगळं मान्य. नुसत्या गिगाहर्ट्झवरून प्रोसेसर जोखणं हा भाबडेपणाच. तरी पिढीगणिक मिळणारा फरक आता इतका बारीक झालाय की तो दिसायला आलेख लागतो, आणि आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू झालेली नसली तर उत्तम. तेराव्या पिढीच्या म्होरक्याचे ५.८ गिगाहर्ट्झ, चौदाव्याचे ६. या साडेतीन टक्क्यांसाठी लोक वर्षभर दम धरून बसले होते.

आणि या वाढीव ताकदीचं घरी काय होतं, तेही एकदा जवळून बघण्यासारखं आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून तपशिलांच्या यादीत 'सिस्टम आयडल प्रोसेस' नावाची ओळ शोधावी. तिच्यापुढे ९५, ९६, कधी ९८ असा आकडा असतो. नवशिक्यांना वाटतं हाच तो चोर, आपला सगळा प्रोसेसर हाच खातोय, आणि ते त्याला उजवं क्लिक करून संपवायला जातात. विंडोज नकार देतं. कारण ती ओळ म्हणजे प्रोसेसर रिकामा बसल्याची हजेरी आहे. रिकामपण संपवायचं तर काम द्यावं लागेल, आणि काम तर नाही. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला चारशे कोटी ठोके देतो. दोन बोटांनी मराठी टंकणारा माणूस एक अक्षर दाबून दुसरं शोधायला सेकंदाचा पाचवा भाग घेतो असं धरलं (ही फारच उदार धारणा आहे, कारण 'ज्ञ' शोधायला यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो), तर तेवढ्यात प्रोसेसरचे ऐंशी कोटी ठोके होऊन जातात. हा मनुष्य त्या यंत्राकडे बघून म्हणतो, 'स्लो झालाय हो, बदलायला हवा.' यंत्राला वाचा नाही हे बरंच आहे.

'पण माझा संगणक खरंच रखडतो,' असं कोणी म्हणेल. रखडत असेल. बहुतेक वेळा गुन्हेगार जुनी फिरती हार्ड डिस्क असते, नाहीतर चार जीबी रॅममध्ये कोंबलेले चाळीस टॅब, नाहीतर मशीन चालू होताच स्वतःहून जागे होणारे डझनभर आगंतुक प्रोग्रॅम. डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली की तेच मशीन टुणटुणीत होतं. पण एसएसडी बसवण्यात इभ्रत नाही. 'मी एसएसडी टाकली' या वाक्यानंतर ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणी वळून बघत नाही. 'मी सध्या रायझनवर जावं की इंटेलवर राहावं या विचारात आहे' म्हणा, चार खुर्च्या जवळ सरकतात आणि चहा दुसऱ्यांच्या खर्चाने येतो.

थांबणाऱ्यांच्या बाजूने दोन साक्षी मात्र खऱ्याखुऱ्या वजनदार आहेत, त्या दडवून चालणार नाही. पहिली विंडोज ११ ची. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची यादी लावली आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतल्यांना, एखाददुसरा अपवाद सोडला तर, दार बंद केलं. डेस्कटॉपसाठी सातवी पिढी आली जानेवारी २०१७ मध्ये आणि आठवी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे जो नऊ महिने थांबला तो तरला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा त्याला घाम फुटला नाही. दुसरी साक्ष इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीची. त्यातले काही वरच्या दर्जाचे प्रोसेसर जास्त व्होल्टेज ओढून कायमचे अस्थिर होऊ लागले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, आणि ज्यांचं घ्यायचं राहिलं होतं ते 'आम्ही म्हणत नव्हतो!' म्हणत हिंडू लागले. आता खरं सांगायचं तर ते असं काहीच म्हणत नव्हते. ते म्हणत होते की पुढचा तीन टक्के वेगवान असेल. नशिबाने मिळालेल्या गुणांवर दूरदृष्टीचा शिक्का मारून घेणं हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. बाजार पडायच्या आधी शेअर विकलेला माणूस एरवी साधी मिरवणूक चुकवू शकत नाही. शिवाय हा फासा उलटाही पडतो. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि 'भाव अजून उतरू दे' म्हणणाऱ्यांनी दुपटीने पैसे मोजले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे भडकले की दिवाळीनंतरच्या सेलसाठी थांबलेली मंडळी सेल म्हणजे काय तेच विसरून गेली.

घेणाऱ्याची फजिती काही कमी नसते, हे थांबणाऱ्यांच्या वतीने सांगायला हवं. कारण प्रोसेसर एकटा कधी घरी येत नाही. नव्याला मदरबोर्डवरची जुनी खोबण चालत नाही. इंटेलने तर २०१७ मध्ये कमाल केली. आठव्या पिढीची खोबण तीच ठेवली, संपर्कबिंदू तेवढेच, ११५१, आणि तरी जुन्या मदरबोर्डवर ती चालणार नाही असं सांगितलं. मग मदरबोर्ड आला. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते, म्हणून जुनी रॅम बाद. प्रोसेसर तापतो म्हणून कूलर मोठा, कूलर मोठा म्हणून कॅबिनेट उंच, आणि एवढ्यांना वीज पुरवायची म्हणून एसएमपीएस नवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बजेट मांडताना जी रक्कम 'फक्त प्रोसेसर' या सदरात होती, ती संपून शेवटी जुन्यातला माऊस तेवढा उरतो, आणि नव्या कॅबिनेटशेजारी तोही डोळ्यांत खुपतो. याला सन्माननीय अपवाद एएमडीच्या एएम४ खोबणीचा. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसतो, हा या धंद्यातला चमत्कारच. पण चमत्कारालाही बायोस अपडेट लागतो. नवा प्रोसेसर ओळखायला बोर्डाचा बायोस नवा हवा आणि बायोस नवा करायला बोर्ड ओळखेल असा जुना प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये हा पेच इतका वाढला की एएमडीने गिऱ्हाइकांना एक जुना प्रोसेसर चक्क उसना धाडायची सोय केली. नवा विकत घेतलेला टेबलावर, उसना जुना मशीनमध्ये! आणि बायोस अपडेट सत्तर टक्क्यांवर असताना महावितरणला आपली आठवण येऊ नये म्हणून आईने देवाजवळ दिवा लावलेला.

मग प्रत्यक्ष बदलाचा क्षण. एएम४ च्या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ सोनेरी टाचण्या असतात, केसांसारख्या. त्याच्या पाठीवर पाच वर्षांपूर्वी लावलेली पेस्ट एव्हाना वाळून खडखडीत झालेली. जाणकार सांगतात की कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. हे सगळं तक्ता करणाऱ्याला ठाऊक असतं, पण ऐनवेळी तो कूलर सरळ वर ओढतो. फट्ट असा आवाज येतो, खोबणीची कडी बंदच राहते आणि कूलरच्या बुडाला चिकटून प्रोसेसर मुळासकट हातात येतो. कोपऱ्यातल्या तीन टाचण्या आडव्या झालेल्या असतात. तिथून पुढे घरातले दिवे सगळे लागतात, पंखा बंद होतो, आणि एक सुशिक्षित इसम ०.५ च्या पेन-पेन्सिलीचं पोकळ टोक टाचणीवर चढवून ती श्वास रोखून उभी करत बसतो. दारातून विचारणा होते, 'काय करताय?' उत्तर येतं, 'अपग्रेड.'

इतकं असूनही लोक हा विषय सोडत नाहीत, याचं कारण आनंद खरेदीत नाही, चौकशीत आहे. प्रोसेसर घरी आला की तो धातूच्या कूलरखाली जन्मभर झाकला जातो, पुन्हा दृष्टीस पडत नाही. चौकशी मात्र वर्षानुवर्षं हाताशी राहते, फुकट असते आणि तिला वीजही लागत नाही. म्हणून 'तुला गरज नाही' हे उत्तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणं हा क्रूरपणा आहे. फार आग्रहच झाला तर एवढं सांगावं की कामाच्या दिवशी टास्क मॅनेजर उघडा ठेव. प्रोसेसरचा आकडा शंभराला टेकलेला असेल आणि तू बोटं मोडत बसला असशील, असं रोज होत असेल, तर या महिन्यात खिशाला परवडेल तो घे आणि पुढचं एक वर्ष त्याच्याबद्दल काही वाचू नकोस. नाहीतर मशीन उघड, पंख्यावर साचलेली धूळ काढ, ब्लोअर मार, तेवढ्यानेही गरम होऊन मंदावणारा प्रोसेसर ताळ्यावर येतो.

तो हे सगळं अगदी शांतपणे ऐकून घेतो, पटल्यासारखी मान हलवतो आणि फोन काढतो.

'ब्लोअर कुठला घ्यावा? वायरवाला की बॅटरीवाला?'

'कुठलाही चालेल रे.'

'नाही, बॅटरीवाल्यात म्हणे नवीन मोटर येतेय. दिवाळीपर्यंत थांबतो.'